काचेची वरची बाजू

आमची पहिली भेट झाली ती मी त्याला फैलावर घ्यायला गेले होते तेव्हा. खरं तर मी जाणारच नव्हते. वर्कशॉपमधून काचेच्या पट्ट्या आणायचं काम आमच्या लॅबच्या मदतनीस काकांचं. पण त्या दिवशी काकांचा गुडघा धरला होता आणि माझा राग नाकाच्या शेंड्यावर होता, म्हणून मीच तीन जिने उतरून गेले.

वर्कशॉप इमारतीच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर. दार उघडंच होतं. आत रॉकेलचा मंद वास, खिडकीतून टेबलावर पडलेलं तिरपं ऊन, आणि त्या उन्हात वाकून उभा असलेला एक माणूस. त्याने काचेवरून काच कापायचा हिरा ओढला. बारीक, लांब, चर्र असा आवाज झाला. मग दोन अंगठ्यांनी त्याने जरासा दाब दिला आणि काच निमूटपणे दुभंगली. माझं इतकं निमूट कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"या पट्ट्या तुम्ही कापल्यात?" मी खोका टेबलावर आपटला.

"हो."

"प्रत्येक पट्टीचा कोपरा उडालाय. एक नाही, दोन नाही, सगळ्या पन्नासच्या पन्नास, आणि दर खेपेला हेच."

त्याने एक पट्टी उचलली, उजेडात धरली आणि मग माझ्याकडे पाहिलं. डोळे शांत होते आणि त्यांत किंचित आश्चर्य होतं. "ते—"

"ते काय? घाईत झालं? हत्यार बोथट होतं? मला कारणं नकोत हो, मला धड कोपरे हवेत."

माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरच्याला सापट मिळत नाही, असं मावशी म्हणते. मी मावशीकडेच राहते, तेव्हा तिला अनुभव आहे. त्याने पट्टी हळूच खोक्यात ठेवली.

"बरं," तो म्हणाला.

एवढंच. मी विजयी मुद्रेने वर आले. पुढच्या आठवड्यात आलेल्या पट्ट्यांचे चारही कोपरे अगदी शहाण्यासारखे जागच्या जागी होते. बोललं की कामं होतात, हे मी काकांना दोनदा ऐकवलंसुद्धा.

आता माझं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी एक जेल बनवते. डोळ्यांना न दिसणारे, मऊमऊ, पाण्याने भरलेले गोळे. गार पाण्यात ते फुगतात; अंगाची ऊब लागली की पाणी टाकून आक्रसतात. त्यांचा पातळ थर काचेवर द्यायचा, उबदार कपाटात ठेवायचा आणि वर जिवंत पेशी पेरायच्या. आक्रसलेल्या थरावर पेशी पाय रोवतात, वाढतात, एकमेकींचे हात धरतात आणि सहा दिवसांत त्यांची अखंड चादर होते. मग फक्त गार पाणी घालायचं. खालचे गोळे फुगतात आणि चादर आपोआप सुटते. खरवडायचं नाही, ओढायचं नाही. डोळ्यांच्या एका मोठ्या डॉक्टरांना अशी चादर हवी होती, भाजलेल्या डोळ्यांवर ठेवायला. चार वर्षं मी एवढ्यासाठी घालवली होती, आणि पहिल्या तीन खेपांना सगळ्या चादरी लोण्यातून सुरी काढावी तशा सुटल्या होत्या.

चौथ्या खेपेला निम्म्या सुटल्याच नाहीत.

पाचव्या खेपेला तेच. सहाव्या खेपेलाही तेच. मी जेल नव्याने बनवलं. पाणी बदललं. थर्मामीटर तीन-तीनदा तपासला. सरांनी, म्हणजे आमच्या मार्गदर्शकांनी, माझी वही उलटीपालटी केली आणि चष्मा काढून ठेवला.

"डॉक्टर वीस तारखेला येतायत," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर चादर सुटली तर काम पुढे जाईल. नाही सुटली तर वरचे लोक हे बंद करणार. मी थांबवू शकणार नाही, बाळ."

सर मला 'बाळ' म्हणतात तेव्हा परिस्थिती खरोखर वाईट असते.

या सगळ्या धामधुमीत मी पट्ट्या आणायला स्वतःच खाली जायला लागले. काकांचा गुडघा केव्हाच बरा झाला होता. 'तुम्ही कशाला जिने चढता काका, मी आणते की,' असं मी म्हणायचे आणि काका मिशीतल्या मिशीत हसायचे.

"आज कोपरे बघून घ्या," खाली काचवाला म्हणायचा.

"बघितले. चांगले आहेत."

"नीट बघा. नंतर ओरडाल."

"मी ओरडत नाही. माझा आवाज मुळात मोठा आहे."

"हो... वर तिसऱ्या मजल्यावर शिंकलात तरी इथे कळतं."

हसला की त्याच्या डाव्या गालावर एक आडवी रेघ उमटायची. बोटांवर भाजल्याचे जुने पांढरे डाग होते. वडील इथेच काचकाम करायचे, त्यांच्या हाताखाली एकोणिसाव्या वर्षी लागला आणि अकरा वर्षं तिथेच उभा होता. हे सगळं मला एका दिवशी कळलं नाही. एका खेपेला एक वाक्य, या हिशेबाने ते मिळवावं लागलं.

एकदा त्यानेच विचारलं, "तुम्ही या पट्ट्यांचं करता काय?"

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"अकरा वर्षं काच कापतोय. लोक माप सांगतात. कशाला ते कुणी सांगत नाही."

मला एकदम लाज वाटली. मग मी त्याला वर नेलं, सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं आणि पेशी दाखवल्या. तो बराच वेळ डोळा लावून बसला. बाहेर भुरभुर पाऊस पडत होता, आणि मी पेशींऐवजी त्याच्या मानेवर चिकटलेली काचेची बारीक चमचम बघत होते. शास्त्रीयदृष्ट्या हे काही बरोबर नव्हतं.

"म्हणजे ऊब आहे तोवर धरून ठेवतं?" त्याने विचारलं.

"हो."

"आणि गार पडलं की सोडतं."

"हो."

"मग यात शोध कसला? हे माझी आईपण सांगते. नाती अशीच असतात म्हणते."

"तुमच्या आईला आमच्या सरांकडे पाठवा."

"नको. ती तुमच्या सरांनाच कामाला लावेल."

घरी मावशी भाजी चिरता चिरता म्हणाली, "तुझं ते जेल हल्ली बोलण्यात कमी येतं. काच जास्त येते." मावशी शाळेत गणित शिकवते. तिच्यापुढे काही लपत नाही. त्या संध्याकाळी मी तिला एक गोष्ट सांगून टाकली, पण ती काय ते शेवटी येईल.

वीस तारखेला दहा दिवस उरले होते. सातवी खेपही निम्मी फसली होती. मी खाली गेले ते पट्ट्यांसाठी नाही. जायला दुसरी जागा सुचली नाही, म्हणून गेले. तो पाण्याच्या धारेखाली काचेच्या कडा घासत होता. माझा चेहरा बघून त्याने यंत्र बंद केलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"संपलं," मी म्हटलं. "चार वर्षं गेली. घोडं कुठे पेंड खातंय तेच कळत नाही. एकच जेल, एकच हात, एकच कपाट... आणि निम्म्या पट्ट्या सोडतात, निम्म्या सोडत नाहीत."

"निम्म्या?"

"साधारण निम्म्या. दर खेपेला पन्नासातल्या चोवीस-पंचवीस."

तो हात पुसत होता, ते पुसायचं थांबला.

"कधीपासून?"

"दीड-दोन महिने झाले. आधी सगळं ठीक होतं."

त्याने फडकं टेबलावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम... तुम्ही थर कुठल्या बाजूला देता?"

"कुठल्या बाजूला म्हणजे? पट्टीच्या वरच्या बाजूला."

"वरची कुठली?"

"जी वर असेल ती. काचेला कसली आलीय बाजू? काच म्हणजे काच."

तो दुसऱ्या स्टुलावर बसला. मी त्याला कामाच्या वेळी बसलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

"काचेला दोन बाजू असतात," तो म्हणाला. "ही काच बनते ती वितळलेल्या कथिलावर तरंगत. खालची बाजू कथिलावर टेकलेली असते, वरची हवेत. काच थंड झाली तरी खालच्या बाजूला कथिलाचा अंश राहतो. डोळ्यांना दिसत नाही, पण रंग, मुलामा, काहीही लावा, दोन्ही बाजूंना सारखं बसत नाही. आमचे बाबा पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. म्हणून आम्ही प्रत्येक पट्टीला खूण करतो. उजव्या हाताचा वरचा कोपरा उडवलेला दिसला की समजायचं, हवेची बाजू आपल्याकडे आहे. धुतल्यावर सगळ्या पट्ट्या त्या खुणेवरून खोक्यात एकाच बाजूने लावतो, हवेची बाजू वर."

मी टेबलावरची एक पट्टी उचलून तिचे कोपरे चाचपले.

"तो कोपरा..."

"टवका नव्हता तो."

"आणि मी सांगितल्यावर तुम्ही..."

"खूण बंद केली. आता पट्ट्या धुवून निघतात तेव्हा कुठली बाजू कुठे, मलाच कळत नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मी दोन महिने जेलला, पाण्याला, स्वतःच्या हातांना दोष देत होते, आणि मूळ होतं माझ्याच जिभेत. मला खूप रडू आलं. पण रडायच्या आधी माझं तोंड नेहमीप्रमाणे सुटलंच.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

"बोलू दिलंत?"

मग तोच म्हणाला, "माझंही चुकलं. दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. पण म्हटलं... इतक्या शिकलेल्या आहेत, त्यांना काचेच्या बाजू माहीत नसतील असं कसं होईल? काही कारण असेल. मोठ्या लोकांना कारण विचारायचं नाही, ही आमच्या घरची जुनी खोड."

"मी मोठी नाही हो. मी फक्त मोठ्याने बोलते."

त्याच्या गालावरची रेघ उमटता उमटता राहिली. "ते फसलेले नग फेकून दिलेत?"

"नाही. सुटलेले, न सुटलेले, सगळे तारखेसकट ठेवलेत."

"जंतू मारायचा तो जांभळा दिवा आहे ना वर? त्याच्या उजेडात कथिलाची बाजू चमकते."

भर दुपारी आम्ही वरच्या छोट्या खोलीचे पडदे ओढून घेतले. दोघांनी डोळ्यांवर जाड चष्मे चढवले, हातमोजे घातले. तो दिवा धरून उभा राहिला. मी न सुटलेल्यांच्या खोक्यातली पहिली पट्टी पुढे केली, जेलची बाजू दिव्याकडे. अंधारात पट्टीवर दुधाळ, धुरकट उजेड पसरला.

"हे कथील," तो कुजबुजला. कुजबुजायचं काही कारण नव्हतं, दार बंद होतं. मीही कुजबुजतच विचारलं, "आणि सुटलेली?"

सुटलेली पट्टी अंधारासारखी काळी राहिली.

मग आम्ही एकेक पट्टी लावत गेलो. दुधाळ. दुधाळ. दुधाळ. मी मोजत होते. सातव्या खेपेतल्या न सुटलेल्या चोवीसपैकी तेवीस पट्ट्यांवर जेल कथिलाच्या बाजूला होतं. सुटलेल्या सगळ्या हवेच्या बाजूच्या. माझे गोळे कथिलावर विरळ बसत होते, दबून चपटे होत होते आणि गार पाण्यात फुगायचं विसरत होते. जेल शंभर टक्के तेच होतं. त्याच्या पायाखाली काय आहे, हे मी विचारलंच नव्हतं.

"तेवीस," मी म्हटलं. "तेवीस..." आणि मग मला रडू आवरेना. जाड चष्म्यात रडणं फार गैरसोयीचं असतं. तो दिवा बंद करून तसाच उभा राहिला. अंधारात त्याचा हातमोजा माझ्या हातमोज्याला लागला आणि तिथेच थांबला. दोन रबरांमधून ऊब येते का, यावर मी कधी प्रयोग केला नव्हता. येते.

"मॅडम..."

"मॅडम नका म्हणू आता."

"मग?"

"नाव आहे मला."

मग त्याने माझं नाव घेतलं. लॅबमध्ये दिवसातून पन्नासदा ऐकू येणारं माझंच नाव, पण ते इतकं जपून कुणी उचललं नव्हतं. मी पडदा उघडला. ऊन डोळ्यांवर आलं आणि आम्ही दोघंही भलतीकडे बघायला लागलो.

त्याच संध्याकाळी त्याने चाळीस पट्ट्या कापून दिल्या, प्रत्येकीचा उजवा वरचा कोपरा उडवलेल्या. मी दुसऱ्या दिवशी थर दिला, तिसऱ्या दिवशी पेशी पेरल्या. चादर व्हायला सहा दिवस. म्हणजे हाताशी फक्त एक दिवस उरत होता, आणि एकच खेप. ही फसली तर पुन्हा करायला वेळ नव्हता. मी त्या सहा दिवसांत कपाटाच्या काचेतून इतक्या वेळा डोकावले की काकांनी तिथे खुर्ची आणून ठेवली.

वीस तारखेला डॉक्टर आल्या. ठेंगण्याशा, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या बाई. सर त्यांच्या बाजूला. मी काचवाल्यालाही बोलावलं होतं. तो दाराशी हात मागे बांधून उभा होता. माझी पाचावर धारण बसली होती. मी कपाटातून पट्टी ठेवलेली बशी काढली, ऊन पाणी उपसलं आणि गार पाणी घातलं.

एक मिनिट. काही नाही. दोन मिनिटं. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. सरांनी चष्मा काढला. मला दाराकडे बघायचा धीर होत नव्हता. बघितलं असतं तर तिथेच उरलेला धीर गळाला असता.

तिसऱ्या मिनिटाला चादरीची एक कड किंचित दुमडली. मग दुसरी. आणि मग ती सगळीच्या सगळी, एकही छिद्र न पडता, पाण्यात मोकळी झाली आणि संथ तरंगायला लागली. डॉक्टरांनी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ही मी डोळ्यावर ठेवू शकते," त्या म्हणाल्या.

माझा जीव भांड्यात पडला. सर पुढे होऊन सांगायला लागले, की मधल्या काळात अडचण कशी आली, काचेच्या दोन बाजूंचा मुद्दा 'आमच्या' लक्षात कसा आला, आणि छापायच्या लेखाच्या शेवटी वर्कशॉपचे आभार कसे मानणार आहोत.

"आभार नाही, सर," मी म्हटलं. "नाव. माझ्या शेजारी. हे यांनी शोधलंय, मी फक्त बिघडवलं होतं."

माझा आवाज मुळात मोठा आहे, पण त्या वेळी तो नव्हता. डॉक्टर मागे वळल्या आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाला म्हणाल्या, "तुम्ही पुढे या. मला ती बाजू दाखवा." तो पुढे आला आणि दाखवायला लागला. सरांनी खिशातून पेन काढलं, वहीच्या पहिल्या पानावर माझ्या नावापुढे जागा केली आणि त्याला पूर्ण नाव विचारलं.

जाताना डॉक्टर म्हणाल्या, "पण ऑपरेशनच्या खोलीत मी काच आत घेत नाही. फुटली तर? पुढचं सगळं मला प्लास्टिकच्या बशीवर करून द्या."

म्हणजे पुन्हा श्रीगणेशा. प्लास्टिकवर जेल कसं बसेल, किती फुगेल, कुणाला ठाऊक. सर इतके खूश झाले की दोन वर्षांचं काम बोटांवर मोजायला लागले. मी वळून पाहिलं तर तो खोलीत नव्हता.

तो खाली वर्कशॉपमध्ये होता. टेबल आधीच स्वच्छ होतं, तरी पुसत होता.

"अभिनंदन," तो म्हणाला.

"तुमचंही."

"प्लास्टिक म्हणजे... आता काच लागणार नाही तुम्हाला."

"नाही लागणार."

"मग खाली यायचं काम उरलं नाही."

"काम नाही उरलं," मी म्हटलं. "मी तुला भेटायला येणार आहे. रोज. मला तू आवडतोस... खूप. आता काय ते बोल."

फडकं त्याच्या हातातच राहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी जीभ दातांखाली धरून उभी होते. आयुष्यात इतकी गप्प मी कधी उभी राहिले नव्हते.

"तुझ्या घरी..." तो शेवटी म्हणाला. "मावशींना काय सांगशील?"

"मावशीला तीन आठवड्यांपूर्वीच सांगितलंय. तुला सांगायचं तेवढं राहिलं होतं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मुलगा बोलतो का? म्हटलं, विचारलं तर बोलतो."

"मग विचार ना."

मीही तुला आवडते का, असं मी विचारलं. तो "हो" म्हणाला. आणि मग स्टूल ओढून माझ्या समोर बसला आणि त्या पहिल्या दिवशी मी खोका आपटला तेव्हा त्याला काय वाटलं होतं इथपासून बोलायला लागला. खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर गेलं, काका दोनदा शोधायला येऊन परत गेले, तरी तो बोलतच होता. मी एकदाही मध्ये बोलले नाही.